पासाऊची खरी सूत्रधार इन नदी

जर्मनीच्या आग्नेय टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून पासाऊ वसलं आहे. इथे तीन नद्या भेटतात: पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून इन आणि उत्तरेकडून चिमुकली इल्त्स. १२१९ मध्ये बिशपांनी टेकडीवर बांधायला घेतलेल्या ओबरहाउस किल्ल्यावरून खाली पाहिलं, की तिन्ही नद्यांचं पाणी वेगवेगळं ओळखू येतं. इल्त्स काळसर, कारण ती बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलींमधून येते. इन मात्र हिरवट-दुधाळ. आल्प्सच्या हिमनद्या खडक घासतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण तिच्या पाण्यात तरंगत असतं.

पुढे नाव डॅन्यूबचं चालतं, पण वर्षाच्या सरासरीत इथे इनच जास्त पाणी आणते. पासाऊ समजून घ्यायचं तर आधी इनकडे पाहावं, असं मला वाटतं. शहराला वैभव तिनेच दिलं. मध्ययुगात आल्प्सकडचं मीठ साल्झाख आणि इनमधून होड्यांनी इथे उतरायचं, मग जनावरांच्या पाठीवर लादून जंगलातून बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जायचं. येताना धान्य यायचं. या मार्गाला ‘सोनेरी वाट’ असंच नाव पडलं. १६६२ च्या आगीत हे वैभवशाली शहर जळालं. त्यानंतर इटालियन वास्तुकार कार्लो लुरागो यांनी कॅथीड्रल बरोक शैलीत नव्याने उभारलं.

तडाखेही इनचेच. जुनं शहर डॅन्यूब आणि इनच्या बेचक्यात, चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. आल्प्समध्ये मुसळधार पाऊस झाला की इन फुगते आणि डॅन्यूबच्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. मग दोन्हीकडून पाणी गल्ल्यांत शिरतं. ३ जून २०१३ रोजी डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरवर गेली. १५०१ नंतर एवढं पाणी कधीच चढलं नव्हतं. पूर ओसरल्यावर विद्यापीठाच्या मुलामुलींनी फेसबुकवरून एकमेकांना हाका घातल्या आणि फावडी घेऊन लोकांच्या घरांतला गाळ उपसला. १९७८ मध्ये सुरू झालेलं हे तरुण विद्यापीठ त्या दिवसांत शहराशी खऱ्या अर्थाने जोडलं गेलं.

डॅन्यूबकाठच्या टाऊन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा सालासकट नोंदवल्या आहेत. २०१३ ची रेघ माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे, १९५४ ची तिच्या खाली. पासाऊला गेलात तर व्हिएन्नाची बोट पकडायच्या आधी थोडा वेळ काढून ही भिंत जरूर पाहा.