यादीतले आणि यादीबाहेरचे

1983 मध्ये भारताची पहिली चार नावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांतली दोन मराठवाड्यातली : अजिंठा आणि वेरूळ. पुढे मात्र मराठवाड्याचा पाट रिकामाच. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले यादीत आले, 11 महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे डोंगरावरचे नाहीतर समुद्रावरचे.

मराठवाड्यातल्या, लातूर जिल्ह्यातल्या औशाचा किल्ला मात्र भुईकोट, तोही सखल जागेत; चहूबाजूंनी उंचवटा असल्याने लांबून दिसतच नाही. बहमनी काळातला हा किल्ला 1636 मध्ये मोगलांकडे गेला. 1760 ची उदगीरची लढाई म्हणतात ती प्रत्यक्षात झाली औशाजवळच. दख्खनी सुलतानांच्या वास्तूंचा प्रस्ताव 2014 मध्ये संभाव्य यादीत गेला, पण त्यात गुलबर्गा, बीदर, विजापूर, हैदराबाद. त्याच घराण्यांच्या औशाला जागा नाही.

नाव लागले म्हणजे जपणूक झाली, असेही नाही. अजिंठ्याला गर्दीच्या श्वासातली दमट हवा छळते. त्याआधी, निजामाच्या काळात, 1920 च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा थर दिला, तो पिवळा पडला; जपायला गेले आणि रंगच झाकले!

यादीबाहेर तर जपणूक आणखी अवघड. औसा तालुक्यातली खरोसा लेणी जांभ्या दगडातली. पाण्या-उन्हाने ती झिजतात. किल्लारीही याच तालुक्यातले, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचे. म्हणजे भिंतीत मुळे घालणाऱ्या पिंपळ-वडांइतकीच इथल्या जुन्या बांधकामांना जमिनीचीही धास्ती.