भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणि केबलचे दोन वेढे

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या वस्तूंना पाय फुटतात. मोडका मिक्सर, गळका गीझर आणि अलीकडे त्यांच्या जोडीला एखादा बंद पडलेला मायक्रोवेव्ह ओव्हन! भंगारवाला तो वजनावर घेऊन जातो. पण मौज अशी की, त्या डब्यातली सर्वांत जड वस्तू बहुधा धडधाकटच असते. बिघडलेले असते ते दुसरेच काहीतरी. ही वस्तू म्हणजे चार-पाच किलो वजनाचा ट्रान्सफॉर्मर. इन्व्हर्टर जातीच्या नव्या ओव्हनांत तो नसतो. जुन्यांत मात्र हमखास सापडतो. असा ट्रान्सफॉर्मर मिळवून, त्यावर नव्याने तार गुंडाळून उपयोगाची साधने बनविण्याचा छंद मला जडला आहे. त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांची थप्पी आणि तिच्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी. त्या पत्र्यांना वाइंडिंगवाले ‘स्टँपिंग’ म्हणतात. एका वेटोळ्यात घरची वीज सोडली की, तारेला तार जोडलेली नसतानाही दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. १८३१ साली मायकेल फॅरडे याने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हा चमत्कार पाहिला; आणि १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व देरी या तिघा इंजिनिअरांनी त्याला व्यवहारोपयोगी रूप दिले.

यातला हिशेब वाण्याकडच्या मोडीसारखा आहे. शंभराची एक नोट दिली तर दहाच्या दहा मिळतात. नोटा वाढल्या म्हणून पैसे वाढत नाहीत. तसेच इथे व्होल्ट वाढले की अँपिअर घटतात, आणि व्होल्ट उतरले की अँपिअर वाढतात. थोडी वीज उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, ती वाण्याची दलाली समजा! व्होल्ट किती मिळणार हे ठरते वेढ्यांच्या संख्येवरून.

ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर आपल्या घरच्या २३० व्होल्टांचे सुमारे २,००० व्होल्ट करतो. त्यासाठी दुसऱ्या वेटोळ्यात बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातलेले असतात. हे वेटोळेच साऱ्या धोक्याचे मूळ होय.

आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा एके दिवशी माझ्याकडे आला. टेबलावरचा ट्रान्सफॉर्मर पाहून म्हणाला, “काका, हा मला द्याल? ओल्या लाकडावर याच्या दोन तारा टेकवल्या की विजेच्या फांद्या उमटतात. मोबाइलवर पाहिलंय मी. फार सुंदर दिसतं!”

सुंदर दिसते हे खरेच. पण त्या सुंदर नक्षीने परदेशात कितीतरी हौशी माणसांचे प्राण घेतले आहेत. अमेरिकेतील लाकूडकाम करणाऱ्यांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, आपल्या कार्यक्रमांतून या प्रकाराला बंदीच घातली आहे. मी त्याला जवळ बसवून म्हटले, “हे बघ, घरातल्या विजेचा धक्का बसला तर आरसीसीबी नावाचा स्विच आपल्याला वाचवू शकतो. पण हे दोन हजार व्होल्ट दुसऱ्या वेटोळ्यातून निघतात आणि तिथेच परततात. त्या स्विचला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस तारांना चिकटलेला असतो आणि स्विच आपला स्वस्थ!”

मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मग तुम्ही याचं करता काय?”

“पहिल्यांदा याचे दात काढतो,” मी म्हटले, “चल, आपण दोघे मिळून काढू.”

ट्रान्सफॉर्मर व्हाइसमध्ये घट्ट धरला. कसलीही वीज जोडलेली नव्हती, हे सांगणे नलगे. बारीक तारेचे ते वेटोळे लोखंडाच्या कडेशी हॅकसॉने दोन्ही बाजूंनी कापले आणि उरलेला गठ्ठा लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेर काढला. शेजारच्या पहिल्या वेटोळ्याला ओरखडादेखील उठता कामा नये. सारे कसब त्यातच आहे. दोन वेटोळ्यांच्या मधोमध पत्र्यांच्या दोन छोट्या गड्ड्या असतात. त्या वीज आवरून धरतात. आम्हांला भरपूर अँपिअर हवे होते, म्हणून त्याही काढल्या.

मग मोकळ्या खिडकीतून साध्या तारेचे दहा वेढे घेतले, सीरीज लॅम्प लावून ट्रान्सफॉर्मर तपासला आणि नंतर मीटर लावला. जवळजवळ साडेनऊ व्होल्ट! म्हणजे वेढ्यामागे एक व्होल्टला थोडे कमी. मुलाने तेथेच हिशेब मांडला: बारा व्होल्ट हवे असतील तर तेरा वेढे. पुस्तकातले सूत्र त्याच्या हाती लागले होते.

आम्ही मात्र दोनच वेढे घातले, तेही अंगठ्याएवढ्या जाड वेल्डिंग केबलचे. खाली लेदरॉइड कागद घातला आणि लोखंडाला पक्के अर्थिंग दिले. व्होल्ट उतरले दोनाच्या खाली, पण अँपिअर चढले काहीशेवर. तांब्याच्या दोन टोकांमध्ये स्टीलचे पातळ पत्रे दाबून क्षणभर वीज सोडली की ते जागच्या जागी जुळतात. यालाच स्पॉट वेल्डिंग म्हणतात. डोळ्यांवर चष्मा चढवून आमच्या सौभाग्यवतींच्या चाळणीची सुटलेली मूठ आम्ही बसवली. “इतके दिवस नुसता पसारा वाटायचा!” हा अभिप्राय मी सन्मानपत्रासारखा जपून ठेवला आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ओव्हनचे पोट स्वतः उघडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही प्राणघातक वीज धरून राहू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिककडून करवून घ्यावे. दुसरे असे की, हा ट्रान्सफॉर्मर काटकसरीने बनवलेला असतो. ओव्हनमध्ये त्याला पंख्याचा वारा मिळे. नुसता चालू ठेवला तरी तो तापतो. म्हणून थोडा वेळ चालवावा आणि प्लग काढून निवू द्यावा. नवे वेटोळे सौम्य झाले तरी पहिल्यात २३० व्होल्ट असतातच, याचा विसर पडू नये.

वाचकहो, आपल्या घरीही असा एखादा छांदिष्ट चिरंजीव किंवा कन्या असेल. टेबलावरचा पसारा पाहून त्यांच्यावर रागावू नका. असल्या पसाऱ्यातूनच विद्या येते. मात्र जवळ जाऊन एवढे अवश्य विचारा, “बाळ, जुनं वेटोळं काढलंस ना?” आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते निघेपर्यंत प्लगला हात लावू देऊ नका.