पदराआडचा हात

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारच्या काकूंकडे आम्ही पंधरा-वीसजणी बसलो होतो. गप्पा रंगात आल्या होत्या आणि मध्येच कुणाच्या तरी बांगड्या किणकिणायला लागल्या. थांबेचनात. एकीनं हसत विचारलं, "कोण गं ती बांगड्या वाजवतेय?" मी खाली पाहिलं. मांडीवर निवांत ठेवलेला माझाच उजवा हात हलत होता! मी झटकन तो पदराआड घेतला आणि "थंडी वाजतेय" म्हणाले. बार्शीत त्या दिवशी कसली आलीय थंडी?

घरी आल्यावर उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. "सवाष्णीनं असा हात मोकळा ठेवू नये," एवढंच त्या बोलल्या. खरं कारण त्यांना कसं सांगणार? मलाच ते चार महिन्यांपूर्वी कळलं होतं. मला पार्किन्सन्स झाला होता. वय वर्षं त्रेचाळीस.

तोवर माझीही समजूत होती, की हा म्हाताऱ्या माणसांचा आजार. मान डुलते, हात कापतात, तो. पण माझी सुरुवात कंपानं झालीच नाही. आधी उजवा खांदा दुखायला लागला. खांदा आखडलाय म्हणून वर्षभर शेक, मालिश, गोळ्या झाल्या. पोळ्या लाटायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागू लागला. भाजी करपल्याचा वास घरभर पसरायचा, मला मात्र पत्ताच नसायचा. लेक म्हणायची, "आई, तू सारखी रागावल्यासारखी का दिसतेस?" आणि मी तर मजेत असायची!

शेवटी शहाणं केलं ते बँकेनं. मी आमच्या बचत गटाची सचिव. बी. ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं म्हणून हिशेबाची वही कायम माझ्याकडे. एक दिवस पैसे काढायची स्लिप परत आली. "मॅडम, सही जुळत नाही." घरी येऊन मी जुनी वही काढली. दोन वर्षांत माझं अक्षर बारीक बारीक होत मुंगीएवढं झालं होतं. ओळीच्या सुरुवातीला जरा मोठं, शेवटाला दिसेनासं. ती वही घेऊनच यांच्याबरोबर सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हाताचा सांधा फिरवून पाहिला. वही पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं, ही आणलीत."

त्यांनी समजावलेलं माझ्या भाषेत सांगते. मेंदूच्या आत एका छोट्याशा भागातल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. आपलं चालणं, वळणं, लिहिणं सुरळीत होतं ते त्याच्यामुळे. त्या पेशी हळूहळू मरायला लागल्या की डोपामीन कमी पडतं. मग हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, कंप येतो. जेम्स पार्किन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात आहेच.

हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. पण आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. लेवोडोपा हे त्यातलं मुख्य. ते शरीरात जाऊन डोपामीन बनतं. माझी गोळी वेळेवर घेतली की तासाभरात मी पुन्हा माणसात येते. एकच पथ्य, ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनांबरोबर ती नीट लागू पडत नाही. आमच्या घरी आता कुकरच्या शिट्टीआधी गोळीचा गजर होतो!

डॉक्टरांचं ऐकलं, गोळ्या सुरू केल्या, पण तोंड मात्र बंद. "आत्ताच कुणाला बोलू नकोस, पोरीचं लग्न व्हायचंय," असं जाऊबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. मग सुरू झाली लपवाछपवी. लग्नात जेवायचं टाळायचं, कारण वाटीतली आमटी सांडते. सभेत हात पर्सखाली. देवळात रांगेत उभं राहायचं नाही. गावात कुजबुज व्हायला लागली. कुणी म्हणे गर्व चढलाय, बोलत नाही, हसत नाही. कुणी त्याहून वाईट बोललं, ते इथं लिहीत नाही.

हे सगळं मोडलं ते एका म्हातारीमुळे. बचत गटाच्या कामासाठी एका गावात गेले होते. ओट्यावर सत्तरीची आजी बसली होती. चेहरा दगडासारखा. उठायला निघाली आणि दारापाशी थबकली. उंबरा ओलांडताच येईना. सून आतून ओरडली, "सोंगं करतात नुसती! मघाशी बऱ्या चालत होत्या." माझ्या पोटात गोळा आला. माझेही पाय दारात असेच जमिनीला चिकटतात. मी आजीचा हात धरला आणि म्हटलं, "आजी, माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, एक, दोन..." तिसऱ्या मोजणीला आजी उंबऱ्याबाहेर! सून बघतच राहिली. मग तिथंच पदराआडचा हात बाहेर काढला आणि तिला दाखवला. "हे सोंग नाही गं. मलाही आहे."

त्या आजींना डॉक्टरांकडे नेलं. औषध सुरू झालं. सून आता गोळीची वेळ चुकू देत नाही. वाईट नव्हती हो ती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतरच्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू केलं. बांगड्या भरल्या, दोन्ही हातांत. त्या वाजल्या तेव्हा सगळ्यांना सांगून टाकलं. वाण म्हणून एक कागद दिला, लेकीच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलेला. त्यातलं थोडं इथं देते.

हात-पाय स्वस्थ असताना थरथरतात का? चालताना एक हात हलत नाही का? अक्षर बारीक झालंय? वास येत नाही? झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, जुनं बद्धकोष्ठ, विनाकारण उदासी? यातलं एखादं असलं म्हणजे पार्किन्सन्सच असं मुळीच नाही. पण दोन-तीन एकत्र असतील तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. कंप प्रत्येकाला असतोच असं नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या, कारण काही औषधांनीही अशी लक्षणं दिसतात. गोळ्या मनानं बंद करू नका. खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा असतं हे खरं, पण म्हणूनच तिचं चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. रोज चाला, व्यायाम करा. हा आजार शिवल्यानं होत नाही. बहुतेकांना तो आई-वडिलांकडून आलेलाही नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, त्यामुळे तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. आणि एकट्या राहू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे तिथं एकमेकांना भेटतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. तो कागद लिहिताना लेकीला वाटलं, बाहेरगावच्या बायकांसाठी आहे. आपल्याच गावात मी असं जाहीर करणार, हे मी तिला आधी विचारलंच नव्हतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्याच महिन्यात एका चांगल्या स्थळाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती! लेक म्हणाली, "तुझं चुकलं नाही आई, पण मला आधी सांगायचं होतंस." तिचं बरोबर होतं. मी तिची माफी मागितली.

तिचं लग्न अजून ठरलेलं नाही. मी गप्प बसले असते तर ठरलं असतं का, कोण जाणे. आता येणाऱ्या स्थळाला ती स्वतःच सांगते, "माझ्या आईला पार्किन्सन्स आहे, काही विचारायचं असेल तर विचारा." मी आत चहा गाळत असते. कपबश्यांचा आवाज बाहेर जातो. जाऊ दे! ट्रे आता हे घेऊन जातात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कुणी हळू झालं असेल, गप्प झालं असेल. "आळशी" म्हणण्याआधी एकदा त्यांचा हात हातात घेऊन बघा.