माहिती आधी, मत मागाहून

लोकांनी सार्वजनिक कार्यात भाग घ्यावा, असे सर्वच म्हणतात. पण काय ठरत आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने भाग घ्यावा तो कशात? आपल्या सह्याद्रीच्या बाबतीत घडलेली एक हकीकत म्हणून आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

पश्चिम घाटाच्या रक्षणाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांतील घाटप्रदेश तिच्या कक्षेत होता. त्यात गोवा आला, आपला बेळगावकडील घाटमाथाही आला. ऑगस्ट २०११ मध्ये समितीने अहवाल दिला. कोठे काय राखावे आणि काय करू द्यावे, हे ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरावे, असा तिचा आग्रह होता.

अहवाल मात्र दप्तरातच राहिला. एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली प्रत मागितली, तेव्हा तो अद्याप अंतिम नाही, असे सांगून नकार मिळाला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०१२ मध्ये तेथेही आदेश कायम राहिला, आणि मगच अहवाल लोकांपुढे आला, तोही इंग्रजीत.

तेवढ्या अवधीत विश्वासाचा धागा तुटला. २०१३ मध्ये केरळच्या डोंगरी भागात घाटविषयक अहवालांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा घरेदारे सोडावी लागतील ही भीती पसरली होती. समितीने तर कोणास उठवावे असे म्हटलेच नव्हते. जेथे कागद पोचत नाही, तेथे अफवा पोचते.

आपल्या संस्थेचा जमाखर्च दरसाल सभेत वाचला जातो, म्हणूनच सभासद निःशंक मनाने वर्गणी देतात व प्रसंगी परखड प्रश्नही विचारतात. सरकारचेही तसेच आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी निदान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. आपल्या भागात अशी सुनावणी निघाली, तर तो सारांश आधी मागून घ्यावा, घरातील तरुणांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मगच सभेस जावे. विरोध असो वा पाठिंबा, तो वाचून केलेला असावा, एवढीच आमची विनंती.