बोटं हलतात, म्हणून हाड शाबूत?

घरात कुणी पडलं की सगळ्यात आधी एक तपासणी होते आणि ती करायला डॉक्टर लागत नाही. ‘बोटं हलवून दाखव बघू.’ बोटं हलली की सगळे निःश्वास सोडतात. मुका मार आहे, उतरेल दोन दिवसांत. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही तपासणी हाडाबद्दल मात्र जवळपास काहीच सांगत नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू हाताच्या बाबतीत कोपराखाली आणि पायाच्या बाबतीत पोटरीत असतात. त्यांचे कंडरे मनगटावरून, घोट्यावरून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगटाचं हाड मोडलं तरी कंडरे शाबूत राहतात, म्हणून बोटं हलतात. बोटं हलली नाहीत तर काळजीचं कारण नक्की आहे. ती हलली म्हणून निश्चिंत व्हायला मात्र आधार नाही.

हाडांबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच कल्पनेतून निघतात. हाड म्हणजे वाळलेली काठी. मोडली की दोन तुकडे, आणि ते चिकटवायला कुणीतरी हवं. प्रत्यक्षात हाड जिवंत असतं, त्याला रक्तपुरवठा असतो. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, काही आठवड्यांत तिथे मऊ जोड तयार होतो, मग तो टणक होतो आणि पुढे कित्येक महिने शरीर त्याला आकार देत राहतं. जोडायचं काम शरीरच करतं. टोकं जागेवर आणणं, ती तिथेच धरून ठेवणं, रक्तपुरवठ्याला धक्का न लावणं आणि सांधे आखडू न देणं, एवढं डॉक्टरांच्या हाती असतं.

‘एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेलं नाही’

राँटगेनला क्ष-किरण सापडले 1895 साली. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या फ्रॅक्चरचं वर्णन करून ठेवलं ते 1814 साली. हातावर पडणाऱ्या वयस्क माणसांत आजही सर्रास दिसणारं, कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. म्हणजे चित्र निघायच्या कितीतरी आधीपासून हाडाचं निदान नजरेनं आणि बोटांनी होत होतं, आणि ते कसब अजून निकामी झालेलं नाही. पाय मुरगळला तर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला 1992 पासून प्रसिद्ध असलेले ओटावा नियमही असेच साधे आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक हाडांवर दाबल्यावर दुखतं का? पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात आल्यावर चार पावलं टाकता येतात का? पावलं टाकता येतात आणि हाडावर कुठेही दुखत नाही, तर बहुधा एक्स-रेची गरज नसते.

उलट बाजूही आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यातलं स्कॅफॉइड सर्वात लबाड. तरुण मुलगा गाडीवरून घसरतो, तळहातावर पडतो, मनगट जरासं सुजतं. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी दोन कंडऱ्यांमध्ये एक खळगा दिसतो. जाणकार डॉक्टर नेमका तिथेच बोट दाबतात. तिथे कळ आली, तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी ते स्प्लिंट किंवा प्लास्टर घालतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात किंवा एमआरआय काढायला सांगतात. अशा वेळी ‘उगाच पैसे उकळतात’ असं वाटणं साहजिक आहे. पण बारीक तडा पहिल्या दिवशी चित्रात दिसतोच असं नाही. शिवाय या हाडाचा बराचसा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकानं आत शिरून मागे वळतो. मध्ये तडा गेला की मागचा तुकडा उपाशी पडतो. दुर्लक्ष केलं तर तो तुकडा जुळत नाही, कधी मरतो, आणि काही वर्षांनी मनगट झिजतं.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर एक्स-रेत सहसा काहीच दिसत नाही, कारण त्या चित्रात दिसतं ते मुख्यतः हाड. आणि ‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’ या वाक्याबद्दल इतकंच, की क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच; फक्त तुकडे जागेवरून हललेले नसतात.

‘चोळून, घट्ट बांधलं की बसतं’

ताज्या दुखापतीवर, विशेषतः कोपरावर, जोरानं मालिश करणं धोक्याचं आहे. आधीच फाटलेल्या स्नायूत पुन्हा रक्तस्राव होतो आणि काहींच्या बाबतीत त्या स्नायूतच हाड तयार होतं. मग कोपर ना पुरतं वाकत, ना सरळ होत.

घट्ट बांधण्याचा धोका त्याहून मोठा. झाडावरून किंवा झोपाळ्यावरून पडलेल्या मुलाचं हाड बऱ्याचदा कोपराच्या जरा वर मोडतं. हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथून अगदी जवळून जाते. आत सूज वाढत असते, बाहेर बांबूच्या पट्ट्या करकचून बांधलेल्या असतात, आणि मधल्या स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. स्नायू काही तासच तग धरतात. साधारण सहा तासांनंतरचं नुकसान भरून येत नाही. मेलेले स्नायू आकसतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 साली या विकृतीचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनीही बोट ठेवलं होतं ते घट्ट बांधलेल्या पट्ट्यांवरच.

हाडवैद्यांची बाजू घेताना अनेक जण परंपरेचा दाखला देतात, म्हणून सुश्रुतसंहितेत काय आहे तेही सांगायला हवं. तिथे लांब हाडांच्या भग्नाचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिले आहेत. बांधण्याबद्दल तर स्पष्ट बजावलं आहे, की सैल बांधलं तर स्थैर्य येत नाही आणि घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पू होतो. परंपरेचं नाव घेऊन करकचून बांधणाऱ्यानं आधी परंपरा तरी वाचावी.

दवाखान्यातलं प्लास्टरही सुजेमुळे घट्ट होऊ शकतं, म्हणून पहिले दोन दिवस लक्ष ठेवायचं. हात उशीवर उंच ठेवावा, बांगड्या आणि अंगठ्या आधीच काढाव्यात. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग लगेच परतला पाहिजे. पण रंगावर विसंबू नका. या संकटात नख बराच वेळ गुलाबी राहू शकतं. खरी खूण दुखण्यात आहे. औषध देऊनही कळ वाढतच चालली, आणि दुसऱ्यानं बोटं हळूच सरळ केल्यावर मूल किंचाळलं, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजताही दवाखाना गाठावा.

‘हाड वाकडं जोडलंय’, ‘ऑपरेशन केलं की लवकर जुळतं’

मुलांच्या बाबतीत पहिली तक्रार नेहमीची. एक्स-रेत जोड थोडा तिरका दिसतो आणि पालक हादरतात. वाढत्या वयात हाड स्वतःला पुन्हा सरळ करतं, विशेषतः वाढीच्या टोकाजवळ आणि सांधा ज्या दिशेनं वाकतो त्याच दिशेचा बाक असेल तर. पीळ मात्र सुटत नाही. म्हणून बाक थोडाफार चालवून घेतला जातो, पीळ चालवून घेत नाहीत.

रॉड किंवा प्लेट हाड जोडत नाही, धरून ठेवते. जोड यायला लागायचा तेवढा वेळ लागतोच: मोठ्या माणसाच्या हाताला ढोबळमानानं दीड महिना, पायाच्या लांब हाडाला तीन महिने किंवा जास्त. शस्त्रक्रियेचा फायदा असा, की तोवर सांधे हलवता येतात. पायाचं सूप, दूध, कांडवेलीचा लेप यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सूप चवीला उत्तम, आणि जेवणात प्रथिनं हवीतच. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही भरून काढावं. पण लेपानं सरकलेलं हाड जागेवर येत नाही. सिगारेट-विडीमुळे मात्र जोड यायला उशीर लागतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे. सूप घेऊन येणारे पाहुणे ही गोष्ट क्वचितच काढतात.

‘या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू दे’

सर्वात जास्त जीव घेणारा गैरसमज हाच, आणि तो मायेपोटीच बोलला जातो. ऐंशीच्या आजी न्हाणीघरात घसरतात. पाय आखूड दिसतो, पंजा बाहेर वळलेला असतो. खुब्यात हाड मोडलेलं असतं. (कधी तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि आजी लंगडत चालतातही, म्हणून ‘चालतेय ना’ यावरही जाऊ नये.) मुलं म्हणतात, भूल झेपणार नाही, वजन लावून ठेवा.

वजन लावून दोन-तीन महिने पाठीवर निजवणं हा सौम्य उपाय वाटतो खरा. पण म्हाताऱ्या शरीराला तो सोसत नाही. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, लघवीत जंतू होतात, पायात रक्ताची गुठळी होते. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असं ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हाड खुब्याच्या गोळ्याखालच्या मानेत मोडलं असेल तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, म्हणून बऱ्याचदा गोळाच बदलतात. त्याखाली मोडलं असेल तर तिथे रक्त भरपूर असतं, खिळा घालून भागतं. दोन्हीत हेतू एकच: पेशंटला दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरवणं. अनेकदा हे पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालच्या भुलेवर होतं. ‘त्या इंजेक्शननं जन्मभर कंबर दुखते’ हीही ऐकीव गोष्टच. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, कायमच्या दुखण्याला पुरावा नाही.

शस्त्रक्रियेला धोका नाही असं कुणी म्हणणार नाही. चांगल्या उपचारांनंतरही खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो, काही अभ्यासांत त्याहून जास्त. कारण तिथवर पोचलेलं शरीर आधीच थकलेलं असतं. जे अंथरुणाला अगदी खिळलेलेच होते, त्यांच्यासाठी निर्णय वेगळा असू शकतो. पण कालपर्यंत स्वतःचा चहा करून घेणाऱ्या आजींना केवळ वयाकडे बोट दाखवून शस्त्रक्रिया नाकारू नये.

आणि इथे एक काम हमखास राहून जातं. उभ्या उंचीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, याचा अर्थ हाड आधीच ठिसूळ होतं. खिळा बसवून घरी सोडतात, टाके निघतात, पण ठिसूळपणावरच्या औषधाचं नाव कागदावर नसतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर झोलेड्रॉनिक आम्ल हे औषध वर्षातून एकदा शिरेवाटे दिलं गेलं. त्या गटात नवी फ्रॅक्चर्स 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. ते सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम तपासावं लागतं. टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना ठिसूळपणावरच्या औषधाबद्दल विचारा आणि दुसऱ्या खुब्यासाठीही विचारतोय असं सांगा.