नागराजाच्या मादीचा पहारा

कुंभकोणम्‌जवळील तिरुनागेश्वरम् येथे शिवाची नागनाथस्वामी या नावाने पूजा होते. राहूचे स्थान म्हणूनही हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. देवळात पूजिला जाणारा सर्प रानात मात्र भयापोटी मारला जातो. पश्चिम घाटात आढळणाऱ्या नागराजाचेच पाहा. २०२४ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘ऑफिओफेगस कालिंगा’ ही स्वतंत्र जाती ठरविले. त्याची मादी शरीराच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून घरटे रचते. सर्पकुलात हे कौशल्य अनन्यसाधारण होय. अंडी घातल्यावर ती तेथेच पहारा देते. कोणी जवळ येताच फणा उभारते. पिल्ले बाहेर पडण्यापूर्वी ती बहुधा निघून जाते. पिल्ले जन्मतःच विषारी असतात. तोवरचे दोन-तीन महिने घरट्यापासून दूर राहण्यातच माणसाचे आणि तिचेही रक्षण आहे.