उन्हाळ्यातली बेरीज-वजाबाकी

परीक्षा संपतात, लग्नाच्या पत्रिका टेबलावर साठायला लागतात आणि फुटबॉल टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडायला लागतो. ‘भावांनो, मजा आली, भेटत राहू’ असा एक मेसेज आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘लेफ्ट’. कर्जत-खालापूरकडच्या कॉलेजच्या किंवा गावच्या टीमला हे चित्र नवीन नाही. शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन बाहेर. बारावी झालेला गोलकीपर इंजिनिअरिंगसाठी पुण्याला. सेंटर बॅकला पाताळगंगा एमआयडीसीत नोकरी, तीही शिफ्टची. एकाचा गुडघा, एकाच्या घरचा विरोध. मे संपत आला की अठरांतले आठ उरतात आणि त्या आठांत एक ठरलेलं वाक्य फिरतं : ‘यंदा काय टीम होत नाही रे.’

होते. पण ती आपोआप होत नाही, आणि ती जूनमध्ये नाही तर आत्ता, मे महिन्यात होते. मोठ्या क्लबांची ट्रान्स्फर विंडो आपण मोबाइलवर रात्री जागून बघतो. कोण किती कोटींना गेला, याचे हिशोब आपल्याला तोंडपाठ असतात. पण खालच्या लीगमधल्या क्लबचा उन्हाळा वेगळा असतो. तिथे करार बहुतेक एका सीझनपुरता. सीझन संपला की अर्धी टीम मोकळी. मग क्लबचं भवितव्य एका साध्या प्रश्नावर येतं : कोण राहिलं, आणि त्यांच्याभोवती कोणाला उभं करायचं?

एक उन्हाळा, दोन क्लब

हा प्रश्न किती मोठा असतो हे बघायला लांब जायची गरज नाही. २०१६चा उन्हाळा आठवा. मुंबई एफसी हा २००७मध्ये सुरू झालेला, आय-लीगमध्ये कूपरेजवर खेळणारा क्लब. खालिद जमील आधी त्याचा खेळाडू होता, मग २००९पासून कोच. पैसा बेताचा, स्टार नाहीत, तरी दर वर्षी टीम रेलिगेशनमधून वाचवायची, हे त्याचं काम. २०१६मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले.

त्याच वर्षी मिझोरममधला आयझॉल एफसी नऊ संघांच्या आय-लीगमध्ये आठवा आला. गंमत म्हणजे तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण थेट प्रवेश मिळालेला संघ म्हणून त्याला रेलिगेशन लागू नव्हतं. त्यामुळे खाली गेला आयझॉल. उन्हाळाभर तो कागदोपत्री दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब होता. पुढे गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं आणि आयझॉलला परत वरची जागा मिळाली.

खालिद त्या क्लबमध्ये गेला. त्याने काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्याने टीम विकत आणली नाही, कारण तेवढे पैसेच नव्हते. आधीच्या टीममधली मिझो मुलं तशीच ठेवली. ती एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, एकाच गावाकडची पोरं होती. लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान मिडफिल्डमध्ये होताच. मग नेमक्या रिकाम्या जागा भरल्या. मुंबईत स्वतः पारखलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे आणले. सीरियाचा महमूद अल-अमना आला. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. बाकी सगळा पाया जुनाच.

३० एप्रिल २०१७. शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि १८ मॅचमध्ये ३७ पॉइंट घेऊन आयझॉल आय-लीग चॅम्पियन झाला. मोहन बागान एका पॉइंटने मागे. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग जिंकायची ती पहिलीच वेळ. आणि मुंबई एफसी? त्याच सीझनमध्ये दहा संघांत दहावा. रेलिगेशन झालं आणि त्यानंतर क्लबची सिनियर टीमच बंद पडली. खालिद जमील २०२५मध्ये भारताच्या सिनियर टीमचा कोच झाला.

यातून ‘कोच महान होता’ एवढंच घेऊन उठू नका. दोन्ही क्लबांपुढे एकच उन्हाळा होता. एकाने आपल्याकडे काय आहे ते आधी मोजलं, मग काय नाही ते आणलं. दुसऱ्याचा कोच गेला, त्याच्या मागे त्याचे विश्वासाचे खेळाडूही गेले, आणि सगळं नव्याने उभं करायची वेळ आली. महाराष्ट्रात क्लब बंद पडायचे किस्से कमी नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये थांबला, पुणे एफसीही काही वर्षांत गेला. हे सगळे क्लब मैदानावर हरून संपले असं नाही. मॅच नसताना, सीझन संपल्यावर, ऑफिसातल्या बैठकीत संपले.

आठही नसतील तर?

आयझॉलकडे निदान जुनी टीम होती. काहीच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर लंडनमध्ये आहे. मे २००२मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या समितीने विम्बल्डन एफसी हा क्लब जवळपास ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवायला परवानगी दिली. आपला क्लब असा उचलून नेलेला बघून फॅन्सनी दोनच दिवसांत नवा क्लब काढला : एएफसी विम्बल्डन. मैदान नाही, कोच नाही, एकही खेळाडू नाही.

मग जूनच्या शेवटी त्यांनी विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खुल्या ट्रायल्स ठेवल्या. २३० जण आले. त्यांतून टीम निवडली आणि १० जुलैला पहिली मैत्रीपूर्ण मॅच खेळली. सटन युनायटेडकडून ४-०ने हरले. तरी मॅचला साडेचार हजारांवर माणसं होती. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून झाली. पहिल्या वर्षी प्रमोशनही हुकलं. पण २०११मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत, पाच प्रमोशन घेऊन हा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोचला.

पहिली मॅच चार गोलनी हरलेली टीम तिथपर्यंत गेली, कारण ती बघायला माणसं आली होती. आपल्याकडे असं होत नाही, असं वाटत असेल तर एकदा कोल्हापूरला जाऊन या. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस अशी नावं उतरतात तेव्हा गॅलरीत अख्खी पेठ बसलेली असते. सीझनआधी खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला, ही तिथे चहाच्या टपरीवरची मोठी बातमी असते. खेळाडू येतात-जातात, टीमचं नाव मात्र पेठेचं असतं, म्हणून ती दर वर्षी परत उभी राहते. २०१७मध्ये भारतात झालेल्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

कर्जत-खालापूरचं गणित

आता आपल्याकडे. इथली अडचण टॅलेंटची कमी आणि रेल्वेच्या वेळापत्रकाची जास्त. कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर, लोकलने दोन तासांवर. खोपोलीचा मुलगा असेल तर आधी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला यायचं आणि मग पुढची गाडी. कूपरेजवर मॅच असेल तर अख्खा दिवस गेलाच. कशेळे किंवा कडाववरून येणाऱ्याला तर स्टेशन गाठायलाच एसटी किंवा सहा आसनी बघावी लागते. म्हणून टीम बांधताना ‘कोण चांगला खेळतो’ याच्याइतकाच ‘कोण येऊ शकतो’ हा प्रश्न महत्त्वाचा. शेवटची खोपोली लोकल सुटल्यावर संपणारी प्रॅक्टिस ही प्रॅक्टिस नाही, ती अर्ध्या टीमला घरी बसवायची सोय आहे.

तर क्रम असा ठेवा. पहिलं, राहिलेल्यांची यादी. फोन करून, समोरासमोर विचारून. ग्रुपवर अंगठा दाखवणं म्हणजे होकार नाही. पुण्याला गेलेला गोलकीपर ‘मॅचला येईन’ म्हणतो तेव्हा त्याचं प्रेम खरं असतं, पण त्याच्यावर टीम उभी करू नका.

दुसरं, मधली फळी मोजा. गोलकीपर, एक सेंटर बॅक, मिडफिल्डमध्ये बॉल धरून ठेवणारा एक आणि पुढे गोल मारणारा एक. हे चौघं असतील तर बाकीची टीम त्यांच्याभोवती बसते. नसतील तर पहिला शोध त्यांचाच. आपल्याकडे ट्रायलला वीस मुलं आली तर त्यांतली पंधरा स्ट्रायकर असतात! गोलकीपर शोधायचा तर कबड्डीच्या, व्हॉलीबॉलच्या मैदानावर जाऊन बघा. हाताची पकड आणि झेप घ्यायची हिंमत तिथे तयार मिळते. पायाचं काम शिकवता येतं.

तिसरं, ट्रायल खुली ठेवा आणि एका दिवसात उरकू नका. पहिल्या दिवशी ज्याच्याकडे चांगले स्टड आहेत तो चमकतो. अनवाणी किंवा साध्या बुटांत आलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळा होतो. नेरळपासून मोहोपाड्यापर्यंतच्या गावांत आणि वाड्यांत अशी मुलं आहेत, ज्यांना ट्रायल कधी होती हेच कळत नाही. इन्स्टाच्या स्टोरीबरोबर शाळेच्या फळ्यावर आणि एसटी स्टँडवरही कागद लावा. आणि मुलींची टीम करायची असेल तर घरी जाऊन पालकांशी बोलणं हा टीमबांधणीचाच भाग समजा. प्रॅक्टिस किती वाजता सुटणार आणि सोबत कोण असणार, या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असली की अर्धं काम होतं.

चौथं, अंगातला दम. मे महिन्यात कर्जतला पारा चाळिशी गाठतो. दुपारी पळवून कोणी फिट होत नाही, आजारी पडतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, पहिले दोन आठवडे हलकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. महिनाभर बसून राहिलेल्या पायांना पहिल्याच दिवशी पूर्ण मॅच खेळवली की मांडीचा स्नायू गेलाच म्हणून समजा. शिवाय मैदान! मे महिन्यात त्यावर टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंट्सचा कब्जा, जूनमध्ये पावसाचा. मधले दिवस मोजकेच. क्रिकेटवाल्यांशी भांडण्यापेक्षा वेळ वाटून घ्या. त्यांच्यातले दोघं-तिघं आपल्याकडेही खेळतात, हे विसरू नका.

सही करण्याआधी

एवढं सगळं जमवून टीम कुठे अडते? कागदावर. इंटर-कॉलेज खेळताना कॉलेजचं ओळखपत्र आणि युनिव्हर्सिटीचे नियम पुरतात. पण लीग खेळायची, मुंबईच्या एखाद्या क्लबकडून संधी आली, की मामला बदलतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे. तिथे खेळाडूचं नाव एका वेळी एकाच क्लबकडे असतं. फिफाच्या नियमानुसार एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबकडे नोंदणी होऊ शकते आणि अधिकृत मॅच दोनच क्लबकडून खेळता येतात. म्हणजे मित्राच्या आग्रहाखातर जूनमध्ये एका क्लबचा फॉर्म भरला आणि ऑगस्टमध्ये चांगली ऑफर आली, तर आधीच्या क्लबने सोडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सीझन बाकावर जातो, तोही स्वतःच्या टीमच्या नाही, घरच्या.

म्हणून सही करताना तीन गोष्टी विचाराच. नोंदणी हौशी आहे की प्रोफेशनल? किती काळासाठी? मध्येच सोडायचं झालं तर काय? अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा प्रोफेशनल करार फिफाच्या नियमाने तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. सही केलेल्या प्रत्येक कागदाची कॉपी स्वतःकडे ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल. आणि टीम चालवणाऱ्यांनो, हाच नियम उलटा तुमच्यासाठी : जो मुलगा पुढे जातोय त्याला अडवू नका. वेळेत मोकळा करा. खालच्या लीगमधल्या क्लबचं नाव तिथून पुढे गेलेल्या खेळाडूंमुळेच होतं. एक गेला की त्याला बघून त्याच्या गल्लीतले चार येतात.

आणि नोकरीला लागलेला तो सेंटर बॅक? त्याला ग्रुपमधून जाऊ देऊ नका. शिफ्ट नसलेल्या रविवारी तो नव्या पोरांना हेडिंग शिकवू शकतो. पुढच्या वर्षी एखादा किटचा सेटही देईल. आयझॉलकडे असलेली एकमेकांची ओळख आणि कोल्हापूरच्या गॅलरीतली पेठ, दोन्ही अशाच जुन्या माणसांपासून सुरू होतात.

आता मे संपायला थोडेच दिवस राहिलेत. डोंगरावर ढग दिसायला लागले की मैदान हातचं गेलं. तेव्हा आज संध्याकाळी वही घ्या आणि पहिल्या पानावर आठ नावं लिहा. नववं कुठे राहतं आणि त्याला घरी जायला शेवटची गाडी किती वाजता आहे, ते उद्या विचारा.